मिरच्यांना भर कुणी लावली?

१

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माळी हरिबा वीरकर कुंपणाबाहेरच्या पंपाच्या खोलीमागं गेला आणि त्याच्या खांद्यावरचा पाइप गळून पडला.

वाफ्यात गवत नव्हतं.

परवा संध्याकाळपर्यंत तिथं वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब गवताचा वाफा होता. सात महिने हरिबानं तो तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. आज तिथं नुसती तांबूस माती. एक काडीसुद्धा मागं ठेवलेली नव्हती.

आता गवतासाठी माणूस एवढा का हादरतो, ते आधी सांगायला हवं. कोरेगावाहून औंधाकडं जाताना जो उघडा माळ लागतो, त्यावर सांगलीच्या जवाहर अवटींनी नऊ होलचं गोल्फचं मैदान केलं आहे. गोल्फ म्हणजे काय, तर बारक्या पांढऱ्या चेंडूला लांबून काठीनं हाणत हाणत भोकात घालायचं. त्या भोकाभोवतीची हिरवळ म्हणजे ग्रीन. ती इतकी गुळगुळीत हवी, की चेंडूला वाटेत खडा लागला असं वाटता कामा नये. आमच्या माळावरच्या ग्रीन चार उन्हाळ्यांत खरबरीत झाल्या होत्या. म्हणून हैदराबादहून नव्या बारीक गवताची दोन पोती आणली आणि ती हरिबाच्या हवाली केली. वाफ्यात वाढवायचं आणि तिथून एकेका ग्रीनवर लावायचं, असा बेत होता. सातव्या नंबरची ग्रीन तर उकरून, वाळू घालून तयारही होती. शुक्रवारी लागण होती.

आणि लागण फसली तर काय, तेही ठरलेलं होतं. मैदानाचे मॅनेजर विश्वजीत यांनी पुण्याच्या एका कंपनीला बोलावून ठेवलं होतं. ती कंपनी आली की तिची माणसं येणार आणि हरिबा जाणार. कुठं? तर मुंबईला. बावीस वर्षं त्यानं तिथल्या एका क्लबाच्या मैदानावर काढली होती. माण तालुक्यातली निम्मी पुरुषमंडळी अशीच जगतात. वर्षातून दोनदा घरी येतात, पोरं ओळखेनाशी होतात. चार वर्षांपूर्वी हे मैदान झालं, त्यानं कोरेगावाकडं दोन खणांचं घर केलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा तो रोज बायकोच्या हातचं जेवायला लागला. त्याच्या लेखी गोल्फचा अर्थ एवढाच होता.

आठ वाजता विश्वजीत आले. त्यांनी वाफा पाहिला, मग हरिबाकडं पाहिलं.

"कुणाला दिलंस?"

"सायेब, काय बोलताय?"

"गेल्या महिन्यात त्या दुसऱ्या क्लबची माणसं हेच गवत मागायला आली होती. या गवताची किंमत तुझ्याशिवाय इथं कुणाला माहीत आहे? काल क्लब बंद, सगळे जत्रेला. तू दिवसभर पालखीबरोबर मिरवलास आणि माणसं पाठवून काम करून घेतलंस!"

हरिबानं पडलेला पाइप उचलला.

"मी जवाहरशेठना फोन केलाय," विश्वजीत म्हणाले. "किल्ल्या ठेव इथं."

२

जवाहरशेठ अकराला आले, ते एकटे नव्हे. बरोबर साठीच्या एक बाई होत्या. सुती नऊवारी, पायांत कॅनव्हासचे बूट, काखेत पिशवी. सांगलीला त्यांची माती तपासायची प्रयोगशाळा होती आणि अख्खा जिल्हा त्यांना पद्माक्का म्हणत असे. कुणाची द्राक्षबाग अचानक वाळली, कुणाच्या हळदीला कोण जाणे काय झालं, की पद्माक्कांना बोलवायचं. त्या रोग शोधायच्या, आणि रोग नसला तर माणूस शोधायच्या. लागणीआधी गवत तपासायला त्या तशाही याच आठवड्यात येणार होत्या.

"अक्का, दिवस मावळेपर्यंत काय ते सांग," जवाहरशेठ म्हणाले. "नाहीतर मी पोलिसांत देतो आणि मोकळा होतो."

"मावळायच्या आत तर मला जेवायचंसुद्धा असतंय," पद्माक्का म्हणाल्या. "तेव्हा उशीर मलाच परवडणार नाही."

त्यांनी आधी विश्वजीतना बाजूला घेतलं. हरिबा खोलीच्या भिंतीला टेकून उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"काल कुठं होता?"

"साताऱ्याला. घरी."

"पुण्याच्या कंपनीचा माणूस रविवारी इथं आला होता म्हणे. हा वाफा त्याला दाखवला?"

विश्वजीत लाल झाले. "दाखवला. त्यात काय झालं? मैदान सुधारावं म्हणूनच करतोय मी सगळं. आणि संशयच घ्यायचा तर त्या धुळाचा घ्या ना! कुंपण घातल्यापासून त्याची मेंढरं माळावर येईनाशी झाली. गेल्या दिवाळीत फाटकावर उभा राहून सगळ्यांदेखत बोलला होता, एक दिवस तुमचं सगळं गवत मुळासकट उपटून टाकीन म्हणून. वॉचमनला विचारा."

"तुमच्या घरी शेती आहे?" पद्माक्कांनी मध्येच विचारलं.

"शेती? नाही. सदर बझारला फ्लॅट आहे आमचा. का?"

"कुंडीत काही लावता?"

"मनी प्लँट आहे एक," विश्वजीत गोंधळून म्हणाले.

पद्माक्कांनी मान डोलावली आणि त्या वाफ्याकडं वळल्या. त्यांनी पदर खोचला, गुडघे टेकले आणि माती मुठीत घेऊन बोटांनी चाळायला लागल्या. मग त्या वाफ्याच्या कोपऱ्यात गेल्या आणि तिथंच थांबल्या.

"हरिबा, ह्या मिरच्या कुणाच्या?"

कोपऱ्यात मिरचीची पाच रोपं होती. हरिबानं डब्याबरोबर तोंडी लावायला लावलेली. तो जवळ गेला आणि पहिल्यांदाच त्याच्या ध्यानात आलं. पाचही रोपं जागच्या जागी उभी होती. एवढंच नाही, प्रत्येक रोपाच्या बुडाशी माती ओढून छान गोल भर लावलेली होती.

"ही भर तुम्ही लावली?"

"न्हाई बाई," हरिबा म्हणाला. "म्या न्हाई लावली."

३

पद्माक्का त्याला घेऊन पंपाच्या खोलीच्या सावलीत बसल्या.

"आता मला सांगा. चोरानं हे गवत कसं नेलं असतं?"

"फावड्यानं थर कापून. मातीसकट. मग ते दोन-चार दिसांनी बी कुटंबी लावता येतं."

"बरोबर. पण माती इथंच आहे. ढेकळंसुद्धा फोडून ठेवलीत. सूड घ्यायला आलेला माणूस काय करेल?"

"औषद मारंल. न्हाईतर मीठ टाकंल. इस्कटून टाकंल."

"इस्कटेल. बरोबर." पद्माक्कांनी हातातली माती पुढं केली. "आम्ही जैन, मी पोरवयापासून कांदा-बटाटा तोंडात घातलेला नाही, पण आयुष्य मुळंच बघण्यात गेलं. वीतभर खोल खणलंय खुरप्यानं, आणि एक तंतू मागं ठेवलेला नाही. वर सगळं रान सारखं केलंय. रागावलेला माणूस एवढं नीट काम करत नाही हो. एवढं नीट काम आपल्या माणसासाठी करतात." त्या जरा थांबल्या. "या गवताचं नाव काय?"

"बर्म्युडा."

"ते झालं कागदावरचं. कुळ कुठलं?"

हरिबानं मान खाली घातली. हा प्रश्न तो चार वर्षं चुकवत आला होता. गावात कुणी विचारलं की तो 'विलायती गवत हाय' म्हणून वेळ मारून न्यायचा. सख्ख्या बायकोलासुद्धा त्यानं खरं सांगितलं नव्हतं.

"हरळी," तो हळूच म्हणाला. "हरळीच हाय, बाई. जात बारीक, पर हाय हरळीच."

आता हरळी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. एकदा रानात शिरली की पीक खाते, नांगराला दाद देत नाही, खुरपून खुरपून बायांचे हात सोलून निघतात. ज्याच्या रानात हरळी त्याला सोयरिकीला पोरगी देताना लोक दोनदा विचार करायचे. आणि हरिबा तीच हरळी पाणी घालून, खत घालून, पोटच्या पोरासारखी वाढवत होता, वर त्याचा पगार घेत होता. गावात कळलं असतं तर लोकांनी जत्रेच्या तमाशात त्याचं सोंग आणलं असतं.

"आणि रोज गुडघ्यांवर बसून तुम्ही वाफ्यातून काय काढायचात?"

"दुसरं गवत. लव्हाळा, शिपी. हरळीत दुसरं काय ऱ्हाऊ द्यायचं न्हाई."

"हे बसलेलं दुरून कुणाला दिसतं?"

हरिबानं समोर पाहिलं. ओढ्यापलीकडं टेकाडावर धुळाची वस्ती होती. चार खोपटं आणि मेंढरांचा वाडा. तिथून वाफा सरळ नजरेत यायचा.

"धुळाला दिसतं," तो म्हणाला, आणि घाईनं पुढं बोलला, "पर त्यो असं न्हाई करायचा बाई. येका वाडग्यात जेवलेली मानसं आमी. माघात त्याचा पाय मोडला, तवा शाळवाची जवारी काढाय मी घरची सगळी घिऊन गेलो हुतो. त्यो मला कशापाई बुडवील?"

तेवढ्यात वॉचमन धावत आला. विश्वजीतनी त्याला वस्तीवर पाठवलं होतं.

"वस्ती मोकळी हाय! मेंढरं न्हाईत, घोडी न्हाईत. पहाटंच मानकडं निघून गेला धुळा. शेजारीण म्हनती, घोड्यांवर पोती लादलेली हुती. बारा पोती!"

४

जवाहरशेठनी फोन बाहेर काढला. पद्माक्कांनी त्यांचा हात धरला.

"मावळेपर्यंत म्हणाला होतास. अजून दुपार आहे. गाडी दे तुझी."

त्यांनी गाडी स्वतः चालवायला घेतली आणि शेजारी हरिबाला बसवलं. वाटेत हरिबाच्या घरापाशी हौसाबाई रस्त्यावरच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. हरिबानं काच खाली केली.

"ममईची पत्र्याची पेटी माळ्यावरनं काढू का?" तिनं एवढंच विचारलं. डोळे कोरडे होते, पण पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

हरिबानं काच वर केली. गाडी पुढं निघाली आणि त्याला एकदम रडू आलं. बावीस वर्षं एसटीत बसताना तो रडला नव्हता.

पद्माक्कांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "वाफ्याच्या कडेच्या मातीवर गुडघ्यांचे ठसे होते. ओळीनं. वीस फुटांच्या रुंदीत किती पाती बसल्या होत्या, मोजल्यात?"

पात म्हणजे खुरपताना एकेका माणसानं धरलेला पट्टा. हरिबानं डोळे पुसले. "न्हाई."

"सहा. सहा माणसं दिवसाढवळ्या रांगेत बसून खुरपत होती. रोजगारी नव्हेत, रोजगारी माणूस सांगितलं नसताना मिरच्यांना भर लावत बसत नाही. ती सहा जणं रान स्वच्छ करायला आली होती. तुमचं रान, असं समजून. तुम्ही तिथं रोज बसता, तुमच्या मिरच्या तिथं आहेत, वाफा कुंपणाच्या बाहेर आहे. मग क्लबाचं गवत ते कशाला समजतील?" गाडीनं वळण घेतलं. "आता एकच सांगा. शाळू काढायला घरची किती माणसं गेली होती?"

हरिबा मनात मोजायला लागला. मी, हौसा, दोन्ही पोरं, सून, धाकटा भाऊ.

सहा.

"सावड," तो पुटपुटला. "सावड फेडली त्यानं."

माणसाला माणूस आणि दिवसाला दिवस. आज तुम्ही माझ्या रानात राबलात, उद्या मी तुमच्या. पैसा मध्ये येत नाही, कागद नाही, आणि फेडली म्हणून कुणी सांगायलाही जात नाही. हरिबाला कोरडवाहू गुंठाभरसुद्धा रान नव्हतं, त्यामुळं धुळाला सावड फेडायला जागाच मिळत नव्हती. आणि समोर टेकाडावरून त्याला रोज दिसत होतं, की आपला मित्र गुडघे टेकून हरळी उपटतोय आणि हरळी काही हटत नाही.

"बाई, गाडी फिरवा," हरिबा एकदम म्हणाला.

"का?"

"त्याला पोलिसात द्यायचं मला न्हाई जमणार. चांगलं कराय गेला त्यो. मी जातो ममईला. फिरवा गाडी."

पद्माक्कांनी गाडी फिरवली नाही, उलट वेग वाढवला. "अहो, पोती त्यानं नेलीत कशाला, याचा विचार करा की! मेंढरं हरळी खातात!"

५

औंधाच्या पुढं एका कापणी झालेल्या रानात कळप बसला होता. बाभळीखाली घोडी, घोड्यांजवळ पोती, आणि धुळा एका पोत्याचं तोंड सोडत होता. तीन रिकामी पोती शेजारी पडली होती.

"धुळा, थांब!" हरिबा गाडीतूनच ओरडला. "सोडू नगंस!"

धुळानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. अजून जरासा लंगडत तो पुढं आला.

"आरं हरिबा! बगितलंस का रान? कसं झालंय? लोण्यावानी केलंय न्हवं? सकाळी सूर्य उगवायला बसलो ते दिस बुडाय उठलो. म्हातारी आय बी पात सोडंना. म्हनली, हरिबाच्या सुनंनं माझ्या शाळवाचं येक ताट बी मोडलं न्हवतं." तो हसला. "लय दांडगी हरळी गड्या तुझी. पर आता फुटती का बग पुन्यांदा!"

हरिबा गाडीतून उतरला.

पद्माक्कांनी तोवर पोत्यात कोपरापर्यंत हात घातला होता. "ही ओली कशी?"

"पानी मारलं की वरनं. वाटंला वैरन हिरवी ऱ्हावी म्हनून."

त्यांनी हरळीच्या आडव्या खोडाचा एक दोरा ओढून काढला. पांढरट, टणक, आणि प्रत्येक पेरापाशी बारीक डोळा. "जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "हरिबा, नऊच्या नऊ पोती जिवंत आहेत. ग्रीनवर असे सुटे दोरेही लावता येतात ना?"

"व्हय," हरिबा म्हणाला. "पर उद्या दिवसभरात लागली पायजेत. परवाला ऱ्हानार न्हाईत. आन चाळीस हात पायजेत."

"लावायची?" धुळानं विचारलं. "काय लावायची?"

आता सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. "हरळी," हरिबा म्हणाला. "म्या हरळी वाढवतो, धुळा. त्योच माजा धंदा हाय. विलायती-बिलायती काय न्हाई. लाजंनं बोललो न्हाई कुनाला. तू जी उपटलीस, ती मी लावलेली हुती."

धुळा आधी हसला. चांगला पोट धरून हसला. मग हळूहळू त्याचं हसू उतरलं. त्यानं रिकाम्या पोत्यांकडं पाहिलं, मेंढरांकडं पाहिलं, आणि तो मटकन खाली बसला.

"मंजी म्या तुजं वाटोळं केलं? नोकरी जातीया तुजी?"

"न्हाई गेली आजून."

"सावड फिटली न्हाई मग. आमची सहा मानसं आजून तुजं देनं लागत्यात."

"फिटली," हरिबा ठासून म्हणाला आणि त्याला हाताला धरून उठवलं. "दिसभर राबलासा. चूक माजी, म्या बोललो न्हाई. सावड फिटली म्हनतो ना!"

६

सूर्य डोंगराला टेकायच्या आत नऊ पोती क्लबाच्या व्हरांड्यात आली. पद्माक्कांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: माती इथंच राहिली, म्हणून चोरी नाही. काम नीट झालं, म्हणून सूड नाही. सहा पाती, सहा माणसं, आणि मिरच्यांची भर. फाटकावरच्या धमकीचं काय, म्हणून विश्वजीतनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते रागाचं बोलणं झालं. खरंच करायचं असतं तर तो आत येऊन ग्रीन उपटता. कुंपणाबाहेरचा वाफा कशाला?"

"पण नुकसान तर झालंच," विश्वजीत म्हणाले. "कुणीतरी जबाबदार धरायला नको?"

"मला धरा," हरिबा म्हणाला. "धुळाचं नाव कागदावर येत असंल, तर मी आत्ताच जातो. किल्ल्या सकाळीच दिल्यात."

जवाहरशेठ पोत्यापाशी वाकले. त्यांनी एक दोरा बोटात धरला आणि बराच वेळ फिरवला. "माझी आई हळदीच्या रानात हरळी काढायची," ते म्हणाले. "तिची बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. मी क्लब काढला आणि एवढी वर्षं मला माहीत नाही, की मी हरळीच लावतोय!" त्यांना हसावं की काय करावं ते कळेना. "उद्या ग्रीन लागली, तर कुणाचंच नाव कुठं जाणार नाही. पण चाळीस हात आणणार कुठून, हरिबा? आपले आठच माळी."

हरिबा व्हरांड्याच्या पायऱ्या उतरला. तो सायकलवर बसला आणि पहिल्या वस्तीकडं निघाला. पद्माक्कांनी पिशवीतून डबा काढला. सूर्य अजून दोन बोटं वर होता.

७

बुधवारी सकाळी सातव्या ग्रीनवर माणसं जमली. धुळाच्या घरची सहा, ओढ्याकाठच्या तीन घरांतली, हौसाबाईच्या भिशीतल्या बाया, पालखीला खांदा दिलेले चौघे. माळी सोडून तेवीस जण झाले. हरिबानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, की आज हरळी लावायची आहे. आणि जो हशा उठला, तो कोरेगावात ऐकू गेला असेल. हरिबाचे कान तापले. पण त्याला वाटलं होतं तेवढं काही ते लागलं नाही.

धुळाची आई मात्र हसली नाही. तिनं हातातला दोरा उलटसुलट करून पाहिला. "साठ वरसं हिला उपटतीया," ती म्हणाली. "आन आज लावू?"

"लाव आये," हरिबा म्हणाला. "माज्यासाटी लाव."

म्हातारीनं नाक मुरडलं, पण पात धरली. उन्हं चढली तशी वर पाण्याची फवार सुरू झाली. माणसं ओळीनं मागं मागं सरकत वाळूत दोरे दाबत होती. दुपारी विश्वजीत आले, थोडा वेळ उभे राहिले, मग इस्त्रीची पँट घातलेली असतानाही गुडघे टेकून बसले. त्यांचा दोरा उलटा लागला, तेव्हा म्हातारीनं त्यांच्या हातावर चापट मारली. ते "सॉरी" म्हणाले. कुणाला म्हणाले, ते हरिबानं विचारलं नाही.

पाचला शेवटचं पोतं झटकलं. माणसं चहा पिऊन, हात धुऊन आपापल्या वाटेला लागली. कुणी मजुरी मागितली नाही. धुळा जाता जाता म्हणाला, "आमचा कांदा काढायचाय पंदरा दिसांनी," आणि त्याच्यामागून प्रत्येकानं आपापलं काम सांगितलं. कुणाची हळद शिजवायची होती, कुणाचं छप्पर शाकारायचं होतं, कुणाच्या विहिरीतला गाळ काढायचा होता.

संध्याकाळी घरी हौसाबाईनं ताट वाढलं. पत्र्याची पेटी खाली काढलेली होती, झाकण उघडं होतं. हरिबानं तिकडं पाहिलं आणि मग तिच्याकडं.

"शेठ कायम ठिवनार म्हनाले," तो म्हणाला. "पर गवत फुटलं तर. आन न्हाईच फुटलं, तर मग..."

"मग काय?" हौसाबाई म्हणाली. तिनं त्याच्या ताटात दुसरी भाकरी घातली. "आवं, तेवीस मानसं राबली आज तुमच्यासाटी. तेवीस दिस अंगावर हायती. ते फेडल्याबिगर गाव सोडून निगालासा, तर मी एसटीम्होरं आडवी पडंन."

आणि तिनं पेटीत ज्वारी ओतायला सुरुवात केली.